पीठ लागलेल्या माश्या

"आक्का, ओ आक्का, जरा हिकडं बगा की," मी कुंपणावरून हाक मारली. "माझ्या पेटीवर जत्रा भरलीया नुसती."

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, द्रौपदाक्का. त्या गोठ्यात शेण भरत होत्या. शेणाचे हात तसेच वर धरून त्या निरगुडीच्या कुंपणापाशी आल्या आणि टाचा उंचावून माझ्या अंगणात डोकावल्या. जांभळीखाली दगडावर माझी मधमाश्यांची पेटी ठेवलेली होती. पेटीच्या दाराशी माश्यांची अशी झुंबड उडाली होती की एक आत शिरते आहे तोवर दुसरी तिच्या अंगावरून बाहेर येत होती.

"लईच गं," आक्का म्हणाल्या. "माझ्या पेटीवर बी एवढी न्हाई गर्दी. हात चांगला हाय तुजा."

आक्का सहसा कुणाची तारीफ करत नसत. त्या दिवशी मी भाकऱ्या थापता थापता तीन वेळा उठून पेटी बघून आले. आज आठवलं तरी कानशिलं तापतात. घर लुटायला आलेल्यांची गर्दी मी हौसेनं शेजारणीला बोलावून दाखवत होते.

आमची वाडी कोयनेच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून. त्या वर्षी आमच्या बचत गटातल्या काही बायकांना मधपेट्या मिळाल्या होत्या. अट एकच होती. पेटीतल्या माश्या जगवायच्या. जिची पेटी मरेल तिनं रिकामी पेटी परत करायची, म्हणजे ती दुसऱ्या बाईला देता येईल. मला ही पेटी सोडायची नव्हती. त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघी जावा वेगळ्या झालो होतो. वाटणीत जे आलं ते सगळं आमच्या ह्यांच्या नावानं आलं, भांडीसुद्धा. पेटी देताना मात्र मधपेट्यांच्या योजनेच्या शेलार साहेबांनी माझं नाव विचारलं आणि त्यांच्याबरोबरच्या माणसानं झाकणावर पिवळ्या रंगानं ते लिहिलं. शालन. रंग वाळेपर्यंत मी झाकणाला कुणाला हात लावू दिला नव्हता.

पेट्या द्यायच्या आधी आक्कांच्या पडवीत शिकवणी झाली होती. शेलार साहेब समजावून सांगायचे छान. राणी कशी ओळखायची, चौकट उचलताना कशी धरायची, माश्या शांत करायला धुराडं किती फुंकायचं. मी पुढं सरकून बसले होते. मग साहेब म्हणाले, "आता पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा माश्यांना साखरेचा पाक कसा द्यायचा ते नीट ऐका," आणि आक्का म्हणाल्या, "शालन, चहा टाक गं."

धाकट्या जावेनं उठायचं असतं. त्यात आक्कांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. वेगळी चूल झाली म्हणून काय झालं, पाहुणे आले की चहा माझ्याकडेच होता. ओल्या लाकडांनी धूर धरला, दुधाला उशीर झाला, आणि मी कपबश्या घेऊन बाहेर आले तेव्हा साहेब पाकावरून मेणकिड्यावर पोचले होते. पुन्हा सांगा म्हणायची मला लाज वाटली. बाकीच्या बायका म्हणाल्या असत्या, ही बया एवढा वेळ होती कुठं?

पाऊस लागल्यावर मी आक्कांना विचारलं. त्यांनी हातचं राखून ठेवलं असं मी कधीच म्हणणार नाही.

"साखर आन पानी निम्मंनिम्म घ्यायचं," त्यांनी सांगितलं. "उकळून पार गार करायचं. वाटीत घालून पेटीत ठेवायचं, वर काटक्या टाकायच्या, म्हंजी माश्या बुडायच्या न्हाईत. आन वाटी तुडुंब भरू नगं."

सगळं बरोबर होतं. पाक ठेवायचा कधी, तेवढं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आक्कांना दिवसभर गुरांतून सवड नसे. धारा काढून झाल्या, दिवस मावळला की मगच त्या पेटीकडे वळत. मी सकाळची कामं आवरून, ऊन पडलं की ठेवायची. आणि पहिल्याच दिवशी वाटी तुडुंब भरली. पेटीच्या तोंडावरून पाक खाली ओघळला तेव्हा, चाटतील माश्या, वाया थोडाच जातोय, असं म्हणून मी झाकण थोडं उघडं ठेवून मजा बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून जत्रा भरली.

गर्दी वाढत होती आणि पेटी हलकी होत होती. एक दिवस पेटीखालचे मुंगळे झाडायला म्हणून तिला हात घातला, तर ती अशी वर आली की माझा मागे तोल गेला. दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा होता. आत तळाला मेणाचा भुगा साठला होता. मधाची घरं कडेनं कुरतडून फाडलेली. मधल्या चौकटीवर मूठभर माश्या राणीला धरून गप्प बसल्या होत्या.

मी पहिलं काय केलं असेल, तर कुंपणापलीकडे पाहिलं. आक्का नव्हत्या. मग केरसुणीनं मेलेल्या माश्या गोळा केल्या आणि जांभळीच्या बुडाशी पुरून टाकल्या. पेटीवर गोणपाट टाकलं, नाव झाकलं जाईल असं.

"कशी हाय गं पेटी?" संध्याकाळी आक्कांनी विचारलं.

"झकास हाय," मी म्हणाले. "ऊन लागतंय म्हणून गोणपाट टाकलंय."

पावसाळी दिवसांत कसलं ऊन लागतंय, हे आक्कांनी विचारलं नाही. त्यांनी कुंपणावरून एक वाटी माझ्या हातात दिली. "पोराला खोकला झालाय न्हवं? चाटव. माझी पेटी यंदा पावसाळ्यात बी भरलीया. सायेब म्हणत्यात पावसाळ्यात काढू नगा, पर एवढासा घेतला काढून."

पोराला चाटवताना मीही बोट लावून बघितलं. गोड होता, पण मधाचा तो घशात उतरणारा चरका त्यात नव्हता, नुसती साखरेची गोडी. मला वाटलं, आपल्याच जिभेला मत्सर झालाय. आक्कांची पेटी पावसाळ्यात भरते आणि माझी ऐन गर्दीत ओस पडते, म्हणजे दोष माझ्या हातात असणार. घरात ह्यांनी एकदा सहज विचारलं, "काय म्हणते तुझी पेटी?" मी भांडी घासत होते, ती मोठ्यानं आपटली आणि ऐकू न आल्याचं सोंग घेतलं.

शेवटी शेलार साहेब फाट्यावर एसटीची वाट बघत उभे दिसले तेव्हा मी धीर केला.

"साहेब, माझ्या मावसबहिणीची एक पेटी हाय," मी म्हणाले. मला मावसबहीण नाही. "माश्यांची ये-जा तर लई, पण पेटी हलकी होत चाललीया."

साहेबांनी मान हलवली. "ये-जा आहे म्हणता, पण माश्या तिच्याच आहेत कशावरून?"

मला काही कळेना.

"त्यांना सांगा, चाळणीत बारीक पीठ घ्या आणि पेटीतून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर अलगद धरा. त्यांच्या स्वतःच्या माश्या असतील तर रानात फिरून परत त्याच दारात येतील. दुसऱ्याच्या असतील तर पिठासकट आपल्या घरी जातील. कुठं जातात ते बघायचं, म्हणजे कळेल." एसटी आली तसं पायरीवर चढता चढता ते म्हणाले, "उद्या मी तुमच्या जाऊबाईंकडेच येतोय. पलीकडच्या खोऱ्यातल्या बायका पहिल्यांदाच पेट्या घेताहेत, त्यांना एक चांगली नांदती पेटी दाखवायची आहे."

माझा बेत होता की बायका यायच्या आत सगळं उरकायचं. पण सकाळी धुकं असं दाटलं की समोरचा गोठा दिसेना, आणि धुक्यात माश्या बाहेर पडत नाहीत. मी चाळणी घेऊन पेटीपाशी बसून राहिले. ऊन पडलं तेव्हा पलीकडून बायकांचा गलका ऐकू यायला लागला होता. आता ठेवून द्यावी चाळणी असं मनात आलं, तेवढ्यात पेटीतून माश्या निघाल्या. पोटं भरलेल्या, जड, घाईच्या. माझा हात आपोआप हलला. तांदळाचं पीठ भुरभुरलं, वाऱ्यानं निम्मं उलटून माझ्याच अंगावर आलं.

पांढऱ्या झालेल्या माश्या वर उठल्या. मी मान वर करून बघत राहिले. त्या जांभळीला वळसा घालून सरळ निरगुडीच्या कुंपणावरून पलीकडे गेल्या. रानाकडे एकही गेली नाही.

तिथंच थांबायला हवं होतं. पण मी वेड्यासारखी त्यांच्या मागे कुंपणाच्या फटीतून आक्कांच्या अंगणात शिरले. बायका पेटीभोवती गोल करून बसल्या होत्या. नव्या इरकली लुगड्यात आक्का मधोमध उभ्या राहून सांगत होत्या. "पेटी उघडायची तर अंगाला वास नगं. घाई नगं. माश्यांस्नी आपलं भ्या वाटलं न्हाई पायजे," आणि बायका माना डोलावत होत्या.

"आवं, ह्या माश्या पांढऱ्या कशापायी?" पुढं बसलेली एक बाई म्हणाली. "ही येगळी जात हाय का?"

आक्कांच्या पेटीच्या दारात पीठ लागलेली एक माशी उतरली. मग दुसरी. मग पाच-सहा एकदम. आक्कांनी वाकून पाहिलं. त्यांनाही समजेना. पण शेलार साहेब मात्र पुढं झाले. त्यांना शिकवायला मिळालं की इतर कशाचं भान राहत नसे.

"अरे, हे तर उत्तम झालं. बायांनो, नीट बघा, असं बघायला मिळत नाही. ह्याला लूटमार म्हणतात. कुणीतरी आपल्या पेटीत दिवसाउजेडी पाक ठेवला असणार, बाहेर सांडला असणार. वास लागला की बलवान पेटीतल्या माश्या अशक्त पेटीवर तुटून पडतात आणि थेंबनथेंब घरी आणतात. ह्या पेटीत पावसाळ्यात एवढा मध कसा, ह्याचं मला कालपर्यंत नवल वाटत होतं."

"माझ्या माश्या?" आक्का म्हणाल्या. "माझ्या माश्या असलं करायच्या न्हाईत."

"बाई, माश्यांना तुमचं-आमचं कळत नाही. त्यांना वास कळतो."

"मग लुटली कुनाची?" पुढची बाई म्हणाली. "पीठ टाकनारी हितंच कुटं तरी जवळ असंल की."

बायका हसल्या. साहेब हसता हसता वळले, त्यांना मी दिसले, आणि त्यांचं हसू तिथंच विरलं. माझी मावसबहीण त्यांना सापडली होती.

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पेटीकडं बघतच त्या म्हणाल्या, "शालन, चहा टाक गं."

मी धावतच आक्कांच्या स्वयंपाकघरात गेले. जगात त्या क्षणी चुलीइतकी चांगली जागा मला दुसरी नव्हती. हात धुतले, पुन्हा धुतले, नखांतलं पीठ काढलं. माझी पेटी मरायला टेकलीय हे आता बाहेर येणार, ह्याहून मला दुसरीच गोष्ट खुपत होती. ज्या गर्दीला मी आक्कांना बोलावून दाखवलं, जिचं आक्कांनी कौतुक केलं, ती गर्दी आक्कांच्याच घरची होती. हे समजलं की त्या काय म्हणतील, आणि बायका किती हसतील. चहा उतू गेला.

कपबश्या घेऊन बाहेर आले. एकेकीला कप देत गेले. जिला द्यावा ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि खाली मान घालायची. मला वाटलं, हे आपल्या मनाचे खेळ आहेत, हात तर स्वच्छ आहेत. शेवटचा कप आक्कांना दिला. त्यांनी तो घेतला, बाजूला ठेवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कपाळाला काय लागलंय गं तुज्या?"

पदराच्या टोकानं त्यांनी माझं कपाळ पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं. मग भुवया. मग भांगापाशी केसांवर हात फिरवला. आणि पदराकडे पाहिलं. निळ्या लुगड्याला पांढरं पीठ लागलं होतं.

आक्कांचा हात तिथंच थांबला. मला भुईत गडप व्हावंसं वाटत होतं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, तर तिथं राग नव्हता. नव्या लुगड्यातली ती धिप्पाड बाई माझ्याइतकीच गडप व्हायला जागा शोधत होती.

दिवस मावळताना आक्का कुंपणाच्या फटीतून माझ्याकडे आल्या. सरळ पेटीपाशी गेल्या, गोणपाट उचललं, झाकण काढलं. एकेक चौकट वर घेऊन बघितली. फाडलेली घरं, तळाचा भुगा, मूठभर माश्या.

"राणी हाय अजून," त्या म्हणाल्या.

"हाय."

"किती दिस झालं?"

"मी जत्रा भरली म्हणून हाक मारली न्हाई का तुम्हास्नी, तवापासनं."

त्या खाली बसल्या.

"वाटीतला मध पोरानं चाटला?"

"चाटला."

"तुजाच व्हता की गं त्यो," आक्का म्हणाल्या. "आन मी वर उपकार केल्यावानी दिला." मग त्यांचा आवाज चढला, पण राग माझ्यावर नव्हता. "पर सायबांनी सांगितलं व्हतं की. दिवसा ठेवायचा न्हाई. सांडायचा न्हाई. पेटी कमजोर असंल तर दार एका माशीपुरतं बारीक करायचं. सगळं सांगितलं व्हतं. तू ऐकलं न्हाईस?"

"मी नव्हते तवा."

"मग कुटं व्हतीस?"

"चुलीपाशी," मी म्हणाले. "तुमीच म्हणालात की, चहा टाक."

हे बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. बोलून गेले आणि लगेच वाटलं, कशाला बोलले. आक्का उठल्या आणि आल्या तशा निघून गेल्या. मला वाटलं, झालं, आता ही फट काट्यांनी बुजणार.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या पेटीतली एक चौकट होती, धुवट फडक्यात गुंडाळलेली. अंगावरच्या माश्या झटकून आणलेली. दोन्ही बाजूंनी पिल्लांची बंद घरं गच्च भरलेली.

"ही घाल मधे," त्या म्हणाल्या. "मोठ्या माश्या आनल्या असत्या तर तुज्या माश्यांशी भांडल्या असत्या. पिल्लांचं तसं न्हाई. उद्या-परवा भाईर पडतील. जिथं डोळं उघडतील ती त्यांची पेटी."

मग आम्ही दोघींनी ओल्या मातीनं पेटीचं दार लिंपून एका माशीपुरतं ठेवलं. पेटीचं तोंडही ओल्या फडक्यानं पुसून काढलं, पाकाचा वास राहू नये म्हणून. अंधार पडता पडता आक्कांनी स्वतः वाटीत पाक ओतला, अर्ध्यापर्यंत, वर काटक्या टाकल्या. गोणपाटाची घडी करून काखेत मारली आणि म्हणाल्या, "ह्यो मी नेते. नाव झाकून ठेवत्यात व्हय कुनी?"

पेटी वाचली. सोनकी फुलून डोंगर पिवळा झाला तेव्हा माझ्या माश्या रानात जायला लागल्या, आणि परत माझ्याच दारात यायला लागल्या. ती ये-जा मी रोज बघत बसायची, पण हाक मारून कुणाला दाखवली नाही.

मग पुन्हा शिकवणी झाली, आक्कांच्याच पडवीत. ह्या खेपेला खोऱ्यातल्या त्याच बायका पेट्या न्यायला आल्या होत्या. मी शक्य तितकी मागे, खांबाच्या आड बसले होते. कुणीतरी ओळखेल, पिठाची बाई म्हणून बोट दाखवेल, ही धास्ती होती. साहेब म्हणाले, "आता पाक कसा द्यायचा ते ऐका," आणि माझे गुडघे सवयीनं सरळ झाले. मी उठलेसुद्धा.

"शालन, तू बस," आक्का म्हणाल्या. "चहा मी टाकते."

सगळ्या बायकांनी वळून बघितलं. भरल्या पडवीत थोरली जाऊ चहाला उठते आणि धाकटी बसून राहते, असं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. माझी कानशिलं तापली. "आवो आक्का, मी टाकते की," मी पुटपुटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि उंबऱ्यापाशी जाऊन मागं वळल्या.

"पाकाचं सायबांकडनं नगा ऐकू," त्यांनी बायकांना सांगितलं. "हिच्याकडनं ऐका. हिची पेटी लुटली गेली व्हती. लुटणाऱ्या माश्या माझ्या व्हत्या. आन चुकलं कुटं ते मला ठावं हाय." एवढं बोलून त्या आत गेल्या.

जे मी मातीत पुरलं होतं, गोणपाटाखाली झाकलं होतं, ते आक्कांनी दोन वाक्यांत अंगणात मांडून ठेवलं. मला फार लाज वाटली. पेटी मरत होती म्हणून वाटली होती ती लाज ही नव्हे. एवढ्याशा बोलण्याला आपण इतके दिवस घाबरलो, त्याची होती. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. मी उगाच दोन्ही तळहात उलटे करून पाहिले. स्वच्छ होते.

"पाक," मी म्हणाले आणि घसा साफ केला. "पाक दिवस मावळल्यावर ठेवायचा."

शेवटच्या रांगेत एका सासूनं आपल्या सुनेला कोपरानं ढोसलं. आत चहाला हात लावायला जा, म्हणून. नवीच सून होती, हिरवा चुडा भरलेली. ती पदर सावरत उठली.

"खाली बस बाई तू," मी म्हणाले. "मी पुन्हा पहिल्यापासनं सांगते."